ट्रंकेतले सिनेमे : बायकांच्या गोष्टी घरोघर नेणारी आमची पेटी

सुरंगी_वळेसर | रविवार, दुपारी ३:१०

गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, गोव्यात म्हार्दोळजवळच्या आमच्या वाड्यावर आम्ही सहा जणींनी एक उद्योग सुरू केला. इथे लिहायचं तेव्हाच मनात होतं, पण आधी तो टिकतो का बघू म्हटलं. पावसाळा काढला त्याने, आता लिहायला हरकत नाही.

उद्योग म्हणजे एक हिरवी पत्र्याची ट्रंक. सासरे खाणीवर नोकरीला होते तेव्हाची, कडीच्या खाचेत अजून लाल माती आहे. तिच्यात सिनेमे भरलेत. व्हीसीडी, डीव्हीडी, तीन जुन्या व्हीएचएस कॅसेटी. सगळे बायकांच्या गोष्टींचे. वाचनालयाची मागची खोली आम्हाला शनिवारी चार ते सहा मिळते. येणारी एक सिनेमा नेते, पंधरा दिवसांत परत आणते. वर्गणी नाही, अनामत नाही. अट एकच : परत करताना दोनशेपानी वहीत निदान एक ओळ लिहायची, आणि खाली सही करायची नाही.

हे सुरू झालं सासूबाईंमुळे. 'उंबरठा' १९८२ साली आला तेव्हा त्या पणजीला थेटरात बघायला गेल्या होत्या. मध्यंतरानंतर थोड्या वेळाने माझा धाकटा दीर मांडीवर रडायला लागला, मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, त्या उठून बाहेर आल्या. पुढचा सिनेमा त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडून ऐकला. स्मिता पाटीलची सुलभा शेवटी काय करते हे त्यांना पाठ आहे, पण पाहिलेलं नाही. माझ्याकडच्या दोन्ही ॲपांवर शोधला, नाही मिळाला. शेवटी भाच्याने पुण्याच्या फुटपाथवरून डीव्हीडी आणली. शेजारच्या काकींनी मागून नेली, मग त्यांच्या सुनेने, मग तिच्या माहेरी गेली आणि दोन महिन्यांनी परत आली. तेव्हा कळलं की ही गोष्ट वहीत मांडायला हवी, नाहीतर डिस्क जायची.

आता तुमच्याकडून हवंय ते : काय काय ठेवावं, डिस्क दमट हवेत कशा सांभाळाव्यात, आणि असं सिनेमे वाटणं कायद्यात बसतं का. शेवटच्या प्रश्नाने माझी झोप उडालीय.

अंत्रुजी | रविवार, दुपारी ४:०२

सुरंगीताई, अभिनंदन. म्हार्दोळात बसून बायकांच्या गोष्टींची पेटी काढलीत, म्हणजे अगदी बरोबर जागा धरलीत. आपल्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, देवळांच्या अंगणांतून किती गळे निघाले आणि त्यांतल्या कितींची नावं पाटीवर आहेत, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

पहिला सिनेमा माझ्याकडून : 'भूमिका', श्याम बेनेगल, १९७७. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून केलेला. त्यातल्या उषाची आजी गोव्याच्या देवदासी परंपरेतली गायिका दाखवली आहे, आणि ती आजी नातीला गाणं शिकवते ते प्रसंग पाहताना मला आमच्या शेजारच्या घरातला तंबोरा आठवतो. स्मिता पाटीलना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ती बाई एका घरातून दुसऱ्या घरात, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जात राहते, आणि शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी. फोन वाजतो. बस, जास्त सांगत नाही.

दुसरा, 'भिन्न षड्ज'. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी किशोरीताई आमोणकरांवर केलेला माहितीपट. किशोरीताईंबरोबर त्यांच्या आई, गायिका मोगूबाई आल्याच, आणि मोगूबाईंबरोबर कुर्डी. ते गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. मोगूबाई कुर्डीकरांना १९७४ साली पद्मभूषण मिळालं. घर पाण्याखाली आणि आडनावात गाव, असं ते झालं.

अवांतर : केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं 'जात कहां हो' १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोन्याच्या तबकडीवर अंतराळात गेलं. ती तबकडी मात्र तुमच्या पेटीत पंधरा दिवसांत परत येणार नाही.

निमूट_वाचक | रविवार, संध्याकाळी ६:३५

कल्पना चांगली आहे, पण मनापासून विचारतो, राग नको. आज डीव्हीडी प्लेअर आहे कोणाकडे? नव्या लॅपटॉपला तर डिस्कचा खणच नसतो. एक यादी करा, लिंका द्या, व्हॉट्सॲप ग्रूपवर टाका. ट्रंक, वही, शनिवार, चार ते सहा… हा जरा जुन्या दिवसांचा सोहळा वाटतो.

पाटलेंदार | रविवार, संध्याकाळी ६:५०

@निमूट_वाचक, आमच्या घरी टीव्ही एक आणि रिमोट कोणाच्या हातात असतो ते सांगू का? लिंक फोनवर येते. फोन मुलाच्या हातात. मुलगा क्रिकेट बघतो. डिस्क माझ्या हातात असली की ती माझी असते. दुपारी सगळे बाहेर गेले की पाटलें दार, म्हणजे मागचं दार, ओढून घ्यायचं आणि सिनेमा लावायचा.

सुरंगी_वळेसर | रविवार, रात्री ९:२०

निमूटभाऊ, राग कसला. प्लेअरचा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला. दोन जणींनी माळ्यावरचे प्लेअर दिले, ते आम्ही डिस्कबरोबरच नेऊ देतो, रेक्झिनच्या पिशवीत, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींसकट. तिसरा लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आहे, तो कॉलेजच्या पोरी नेतात. वायरी उलट जोडून चित्र काळं-पांढरं दिसलं की फोन मला येतो. एकीने तर पूर्ण रंगीत सिनेमा काळा-पांढरा बघितला आणि वहीत लिहिलं, "जुना सिनेमा असून प्रिंट स्वच्छ."

आठवतंय का, २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी आणि चौतीस रुपयांना डीव्हीडी काढली होती? तेव्हा लोकांनी भाजीबरोबर सिनेमे घेतले. आमच्या पेटीतला निम्मा माल त्या काळातला, कपाटांच्या तळाशी पडलेला. मागितला तर लोक आनंदाने देतात, जागा मोकळी होते ना.

वकिलीणबाय | सोमवार, सकाळी ८:१५

झोप उडालेल्या प्रश्नाकडे येते. धाग्यावर न संपणारा वाद पेटण्याआधी हे वाचून घ्या.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात सिनेमाची प्रत "व्यापारी भाड्याने" देण्याचा हक्क मालकाकडे राखून ठेवलाय. २०१२ च्या दुरुस्तीत या "व्यापारी भाड्या"ची व्याख्या आली, आणि त्या व्याख्येतून ना-नफा ग्रंथालयाने किंवा ना-नफा शिक्षणसंस्थेने, नफ्याचा हेतू न ठेवता, कायदेशीर मार्गाने मिळवलेली प्रत उसनी देणं वगळलंय. म्हणून तुमची पेटी सहा मैत्रिणींची राहू देऊ नका. ज्या वाचनालयाच्या खोलीत बसता त्याच्या कार्यकारिणीकडून ठराव करून घ्या की हा त्यांचा विभाग आहे. एक कागद, पण तो असू द्या.

"कायदेशीर मार्गाने मिळवलेली प्रत" म्हणजे विकत घेतलेली किंवा भेट आलेली मूळ डिस्क. पेनड्राइव्हवर उतरवून दिलेली नाही, घरी बर्न केलेली नाही. जत्रेत प्लास्टिकच्या पिशवीत मिळते ती तर अजिबात नाही.

उसनं देणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. वाचनालयात पडदा लावून वीस जणींना दाखवलात तर ते सार्वजनिक प्रदर्शन झालं. त्याला हक्कदाराची परवानगी लागते, आणि चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असावं लागतं. तिकीट लावलं नाही म्हणून सुटका होत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

जुन्या सिनेमांचं सोपं आहे. प्रदर्शित झालेल्या वर्षाच्या पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं हक्क. म्हणजे प्रभातचा १९३७ चा 'कुंकू' कधीच मोकळा झालाय. १९६६ चा कोंकणी 'निर्मोण' २०२६ च्या अखेरीस मोकळा होईल. पण हे चित्रपट म्हणून असलेल्या हक्काचं. तो ज्या कादंबरीवर बेतलाय तिचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, तो वेगळा बघावा लागतो. म्हणून पडद्यावर दाखवण्याआधी मला विचारा. फी नाही, भाजी-पाव चालेल.

सुरंगी_वळेसर | सोमवार, दुपारी १:०५

वकिलीणबाय, तुमचा प्रतिसाद छापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवतेय. कबुलीही देते : चार डिस्का बर्न केलेल्या निघाल्या. काल रात्री बाहेर काढल्या. त्यात एक माझीच होती.

पेठेतली | सोमवार, दुपारी २:३०

पुण्याहून शुभेच्छा! यादी करायचीच तर जरा दर्जा सांभाळा, एवढीच विनंती. बायकांच्या गोष्टी म्हटलं की लोक 'बाईपण भारी देवा' आणि 'झिम्मा' आणून ठेवतात. सिनेमा म्हणजे सुमित्रा भावे, अपर्णा सेन, सई परांजपे. ते आधी, बाकी जागा उरली तर.

पाटलेंदार | सोमवार, दुपारी २:४१

झालं. आलं पुणं.

सुरंगी_वळेसर | सोमवार, रात्री १०:१५

पेठेतली, सुमित्रा भावे आहेत हो पेटीत. 'दोघी' आहे. त्यांचा १९८५ चा 'बाई' हा लघुपट मात्र मिळत नाही, कोणाकडे रीतसर प्रत असेल तर सांगा. त्या मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक. झोपडपट्टीतल्या बायकांवरचा अभ्यास त्या बायकांनाच कसा दाखवायचा या अडचणीतून कॅमेऱ्याकडे आल्या. माझ्या मते आमच्या पेटीचा खरा कुलस्वामी तोच लघुपट, आणि तोच आमच्याकडे नाही.

पण दर्जाबद्दल बोलते. 'बाईपण भारी देवा'साठी आमच्याकडे नंबर लागतात. म्हणून काय त्या बायका बिनडोक? एका काकींनी तो नेला, परत करताना वहीत लिहिलं : "आम्ही पाच बहिणी. तीन बोलत नाही एकमेकींशी. सिनेमा दोघींना पाठवला." पुढच्या शनिवारी त्यांनीच 'दोघी' नेला. त्याची ओळ अशी : "हा दुसऱ्यांदा बघणार नाही. पण पहिल्यांदा बघितला ते बरं झालं." हिला तुम्ही पहिल्या दिवशीच 'दोघी' दिला असता तर ती परत आली नसती.

पेठेतली | सोमवार, रात्री १०:५०

बरं. वहीतली ती ओळ वाचून मी गप्प बसते. 'कासव' घ्या मात्र. भावे-सुकथनकरांचाच, सुवर्णकमळ मिळालेला, किनाऱ्यावरचा आहे, तुमच्याकडच्या लोकांना समुद्र ओळखीचा वाटेल. आणि ही पुणेरी सक्ती नाही, सूचना आहे.

खाजनकाठ | मंगळवार, सकाळी ७:२०

बरें केलें गो बाय. पूण एक विचारतां : गोंयांत बसून पेटी आणि सगळे सिनेमे मराठी-हिंदी? कोंकणी खंय?

अंत्रुजी | मंगळवार, सकाळी ७:५५

आलाच तो प्रश्न. आता धागा पाचशेपर्यंत जाणार.

खाजनकाठ | मंगळवार, सकाळी ८:०५

जायना हो, जायना. भांडायला नाही आलो. मराठीतच लिहितो बघा.

पहिला कोंकणी सिनेमा 'मोगाचो आंवडो', २४ एप्रिल १९५०. तो विसरा, मिळायचा नाही. पण फ्रँक फर्नांडचा 'निर्मोण' बघा. नवरा बोटीवर जातो, बुडाला म्हणून खबर येते, बायको दुसरं लग्न करते, आणि नवरा परत येतो. दर्यावर्दी माणसांच्या गोव्यात ही गोष्ट नुसती सिनेमातली नव्हे. सगळे नवऱ्याच्या दुःखावर रडतात. माझी आई, सासष्टीची, म्हणायची, त्या बाईला कोणी विचारलं का तू कशी राहिलीस इतकी वर्षं?

'पलतडाचो मनिस', २००९, लक्ष्मीकांत शेटगांवकर, महाबळेश्वर सैलांच्या कादंबरीवरून. टोरांटोला समीक्षकांचं बक्षीस मिळालं. रानातला एकटा रखवालदार आणि गावाने हाकलून दिलेली वेडी बाई. ती वेडी असते तोवर तिला कोणी बघत नाही, पोट दिसायला लागल्यावर गाव जागा होतो.

आणि 'नाचुया कुंपासार'. ती डीव्हीडी असेल तर मला लिहा पहिल्या नंबरावर.

सुरंगी_वळेसर | मंगळवार, दुपारी १२:४०

खाजनकाठभाऊ, हा टोमणा हक्काचा आहे, घेतला. कोंकणी खण सुरू करते. 'पलतडाचो मनिस' मी स्वतः देते.

'नाचुया'वरून मात्र आम्हा सहा जणींत दोन शनिवार वाद चाललाय. ती बायकांची गोष्ट म्हणायची का? संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या आयुष्यांवरून स्फुरलेली, गाणी सगळी पेरींची. पालोमी घोष जीव ओतून गाते-नाचते, तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही मिळाला. पण मी म्हणते, ती त्याच्या संगीताची गोष्ट आहे, ती बाई त्याचं वाद्य. आमच्यातली सगळ्यांत धाकटी म्हणते, नेमकं तेच दाखवलंय ना, वाद्याला कसं वाटतं ते.

खाजनकाठ | मंगळवार, दुपारी १:१०

धाकटीला माझा नमस्कार सांगा. लोर्ना कितीतरी वर्षं गायली नाही आणि मग १९९५ मध्ये परत स्टेजवर आली. त्या रात्रीची गोष्ट आमच्याकडे लोक अजून सांगतात, जे तिथे नव्हते तेसुद्धा. चाल त्याची असेल. परत आलेला आवाज कोणाचा?

जुनी_कॅसेट | मंगळवार, रात्री ११:३०

सिनेमावर मी काही बोलत नाही, मला त्यातलं कळत नाही. मी म्हापशाला वीस वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवली, तेव्हा डिस्क सांभाळायचं विचारा.

ट्रंक जमिनीवर ठेवू नका. लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंत घाम काढते. डिस्क उभ्या ठेवायच्या, पुस्तकांसारख्या, आडव्या रचल्या की वाकतात. सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले, जाड तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. तो तवा मग पोळ्यांना वापरू नका. डांबरगोळ्या तर ट्रंकेच्या आसपास नकोत, त्यांच्या वाफेने कव्हरचं प्लास्टिक चिकट होतं.

पुसताना गोल गोल पुसायचं नाही. मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ, सुती फडक्याने. गोल ओरखडा वाचनाच्या रेषेबरोबर जातो, मशीनला तो भरून काढता येत नाही. आडवा ओरखडा परवडतो. टूथपेस्ट लावून ओरखडे जातात हे जे कोणी सांगतं त्याला डिस्क देऊ नका. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो. नंबर घालायचा तर मधल्या पारदर्शक कड्यावर.

व्हीएचएसच्या कॅसेटींच्या खिडकीतून पांढरी पूड दिसते का बघा. दिसली तर बुरशी आहे. ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागण होईल. माझ्या साडेतीनशे कॅसेटी अशाच गेल्या, एका पावसात. त्यात आमच्या लग्नाची होती. बायको अजून बोलते.

सुरंगी_वळेसर | बुधवार, सकाळी ६:४५

दादा, तीनपैकी दोन कॅसेटींत पूड आहे. पहाटे बॅटरी घेऊन बघितलं. बाजूला काढल्या. देव बरें करूं.

मळेवाट | बुधवार, सकाळी १०:००

पुरुष नेऊ शकतात का? सहज विचारतो.

सुरंगी_वळेसर | बुधवार, सकाळी १०:२०

नेतात की. 'मिर्च मसाला' एका बसड्रायव्हरने नेला. वहीतली ओळ : "सगळ्या बायका आत आणि दार बंद. तो म्हातारा पहारेकरी नसता तर? मी असतो तर दार उघडलं असतं असं वाटून लाज वाटली." माझ्या मते वहीतली ही सगळ्यांत खरी ओळ आहे. सही नाही म्हणूनच लिहिली गेली. (आता तुम्ही म्हणाल, सही नाही तर ड्रायव्हर कसा कळला? डिस्क त्याने माझ्या हातात दिली, मी उभी असतानाच लिहिलं. नाव सांगत नाही.)

पाटलेंदार | बुधवार, सकाळी ११:१५

सहीवरून आठवलं. कोणी काय नेलं ते तुम्ही दुसऱ्या वहीत लिहिता ना? ती कोणाला दिसते?

सुरंगी_वळेसर | बुधवार, दुपारी ३:४०

हे विचारलंत ते बरं झालं, कारण याच्यावर आमचं एकदा चांगलंच वाजलंय.

दिवाळीच्या सुमाराला एक गृहस्थ आले. ओळखीतले, चांगले बोलणारे. खुर्चीवर बसले, पाणी घेतलं, आणि म्हणाले, आमच्या घरातून काय काय नेलं गेलंय तेवढं दाखवा, म्हणजे परत करायचं राहायला नको. आमच्यातल्या एकीने सरळ वही उघडून दिली. तिचा काही वाईट हेतू नव्हता, घरातलंच माणूस म्हणून दिली. त्यांनी बोट फिरवत पानं वाचली. 'अर्थ'वर बोट थांबलं. नवरा बाहेर नातं ठेवतो आणि शेवटी परत येतो तेव्हा बायको त्याला घेत नाही, १९८२ चा सिनेमा, सगळ्यांना माहीत आहे. काही बोलले नाहीत. वही मिटून गेले. त्यांच्या बायको त्यानंतर शनिवारी आल्या नाहीत, पाच महिने.

तेव्हापासून नावं लिहीत नाही. प्रत्येकीला लाकडी बिल्ला, त्यावर नंबर. वहीत बिल्ल्याचा नंबर आणि डिस्कचा नंबर. कोणता बिल्ला कोणाचा ते फक्त दोघींच्या डोक्यात. डिस्क परत आली की तो नंबर खोडून काढतो, दिसणार नाही इतका. हरवली तर हरवली.

त्या पाच महिन्यांनी आल्या. ट्रंकेशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, विनोदी काही आहे का. सई परांजपेंचा 'कथा' दिला.

वकिलीणबाय | बुधवार, दुपारी ४:०५

ही पद्धत ठरावातही घाला. मोठमोठ्या ग्रंथालयांना हे सुचत नाही.

कुळागर_काणकोण | बुधवार, रात्री ८:३०

गेले चार दिवस नुसती वाचत होते. आम्हाला काणकोणात असं करता येईल का? सिनेमांपेक्षा मला आमच्या आजीच्या वयाच्या बायकांचं काहीतरी ठेवायचंय. पौषात धालो होतात, बायकांची रात्रीची गाणी आणि नाच. गाणी मला येत नाहीत, आईला अर्धी येतात, आजीला सगळी. कॅमेरा लावून मांडावरचे, म्हणजे त्यासाठीच्या पवित्र अंगणातले, धालो उतरवून घेतले आणि त्याची डिस्क पेटीत ठेवली तर? तोही बायकांचाच सिनेमा ना.

खाजनकाठ | बुधवार, रात्री ८:५५

मांडावर कॅमेरा? सांभाळून. मांड म्हणजे रंगमंच नव्हे. चप्पल काढून जायची जागा ती.

अंत्रुजी | बुधवार, रात्री ९:३०

सहमत. आणि एक. कलावंतिणींच्या गाण्याचं असंच झालं. ऐकणाऱ्यांनी ऐकलं, उतरवून घेणाऱ्यांनी घेतलं, नाव उतरवणाऱ्याचं झालं.

कुळागर_काणकोण | गुरुवार, दुपारी २:००

आजीला विचारलं. ती हसलीच आधी. मग म्हणाली, घरात बसून गाणी म्हणीन, ती घे, आवाजासकट घे, तोंडही घे. मांडावर नको. शेवटच्या रात्री अंगात येतं तेव्हाचं तर बोलूच नको. आणि डिस्क वाटलीस तर कोणाला वाटलीस ते मला येऊन सांग.

म्हणजे घरात उतरवायचं. ओसरीवर, दुपारी. आजीने साडी कुठली नेसायची ते ठरवलंसुद्धा.

वकिलीणबाय | गुरुवार, दुपारी २:२५

आजी माझ्यापेक्षा चांगल्या वकील आहेत. तिचं म्हणणं एका कागदावर लिहून तिचा अंगठा किंवा सही घ्या, तिला वाचून दाखवून. गाणाऱ्या प्रत्येकीचं नाव कव्हरवर.

निमूट_वाचक | गुरुवार, रात्री १०:४०

मी पहिल्या दिवशी लिंका द्या म्हणालो होतो. मागे घेत नाही, लिंकांचीही यादी असावीच. पण माझ्याकडे आईचा डीव्हीडी प्लेअर आहे, चालू स्थितीत, रिमोटसह. ती गेल्यापासून पिशवीतून काढला नाही. फोंड्याला शनिवारी येतो. तिच्या डिस्कांत 'कुंकू' आहे, मूळ, कव्हरसकट. शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला तोंडावर नकार देते तिथे आई दर वेळी पुढे सरकून बसायची. त्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही हे मला तिच्यामुळे कळलं. ती म्हणायची, बघ, घड्याळ किती मोठ्याने वाजतंय.

सुरंगी_वळेसर | गुरुवार, रात्री ११:०५

या शनिवारी. चारला. चहा आमच्याकडे.

पेठेतली | शुक्रवार, सकाळी ९:१०

एक राहिलंच विचारायचं. सासूबाईंनी 'उंबरठा'चा शेवट बघितला का अखेर? काय लिहिलं वहीत?

सुरंगी_वळेसर | शुक्रवार, दुपारी १२:३०

बघितला. एकट्याने, दुपारी, आम्ही सगळे फोंड्याला लग्नाला गेलो होतो तेव्हा. बरं नाही म्हणून घरी राहिल्या होत्या.

'उंबरठा'च्या पानावर अकरा ओळी आहेत. "तिने मुलीला न्यायला हवं होतं." "नवऱ्याचं काय चुकलं, तो तरी किती थांबणार." "गाणी छान." "मी आश्रमात नोकरी केलीय, हे सगळं असंच असतं, फक्त तिथे संडास इतके स्वच्छ नसतात." अशा. आणि एक : "ती गेली. मी स्वयंपाकाला गेले."

पाटलेंदार | शुक्रवार, दुपारी १२:३८

ही त्यांची?

सुरंगी_वळेसर | शुक्रवार, दुपारी १२:५२

सही नसते हो. नियम मीच केलाय.

कुळागर, तुमच्यासाठी रिकामी ट्रंक बघून ठेवलीय, पत्र्याचीच, बिजागरी जरा गंजलेली. काणकोणच्या बसने पाठवते, स्टँडवर कोणीतरी घ्यायला ठेवा. आत बारा डिस्क, सिलिका जेल आणि एक कोरी दोनशेपानी वही टाकते. 'उंबरठा' मात्र यात नाही. तो बाहेर आहे, सात नंबरच्या बिल्ल्यावर, तिसऱ्यांदा.